दांडगी मागं, कोकरं मधी

पिकअप चालवणारी बाई बघायची सोलापूरकरांना आता सवय झाली आहे. पहिल्या वर्षी सिग्नलला शेजारचे रिक्षावाले माना लांब करून बघायचे, आता तेच मागून हॉर्न मारतात, "ताई, घ्या की पुढं." शहरातल्या यंत्रमागांवरून टॉवेलचे गठ्ठे उचलायचे, चिंचोळी एमआयडीसीत नेऊन टाकायचे, येताना सूत भरून आणायचं, हा माझा धंदा. त्यामुळे माझ्या गाडीचं कुणाला कौतुक उरलं नव्हतं. पण ज्या दिवशी मी पिकअपच्या मागे ट्रेलर जोडून गल्लीत शिरले, त्या दिवशी सगळी गल्ली पुन्हा दारात आली. समोरच्या घरातल्या तेलुगू मावशींनी विचारलं, "घर सोडून चाललीस का गं?" मी म्हटलं, "नाही मावशी, मेंढरं न्यायची आहेत." त्यांना वाटलं मी थट्टा करतेय.

थट्टा नव्हती. माझे आई-आबा मंगळवेढ्याच्या पलीकडे राहतात, जिथे पाणी बहुतेक वर्षं टँकरनेच येतं अशा गावात. आमची पिढीजात मेंढरं. दिवाळी झाली की कळप गाव सोडायचा आणि पायी पायी मोहोळ, टेंभुर्णी करत इंदापूरच्या पुढे उजनीच्या पाण्याकाठी जायचा. तिथल्या बागायतदारांना रानात मेंढरं बसवून हवी असतात. कळप एका जागी मुक्कामाला बसला की लेंड्यांचं खत आपोआप पडतं; त्याच्या बदल्यात मेंढरांना चारा आणि आम्हाला धान्य. एक शेतकरी तर आबांच्या कळपाशिवाय दुसऱ्या कुणाची मेंढरं रानात घ्यायचाच नाही. पावसाळा तोंडावर आला की परतीची वाट. माझं अर्धं बालपण त्या वाटेवर गेलं. शाळेत हजेरी घेताना माझ्या नावापाशी आले की गुरुजी आधी खिडकीबाहेर बघायचे, मेंढरं गावात आहेत का ते.

या चालण्याला एक शिस्त होती आणि ती आबांनी त्यांच्या वडिलांकडून घेतली होती. सगळ्यांत पुढे आई, तिच्या हातात बिऱ्हाड लादलेल्या घोडीचा दोर. तिच्या मागे गळ्यात घंटा बांधलेली शेळी, ती म्होरकी. मेंढरं माणसामागे जात नाहीत, म्होरकीमागे जातात. मग माद्या, मध्ये कोकरं, आणि शेवटी दांडगे एडके. कारण लांडगा मागून येतो. मागे दुबळं जनावर सापडलं तर उचलतो, एडक्याची शिंगं दिसली तर जरा विचार करतो. "दांडगी मागं, कोकरं मधी," आबा म्हणायचे, आणि त्या एडक्यांच्याही मागे, खांद्यावर काठी घेऊन, ते स्वतः चालायचे. आयुष्यभर ते सगळ्यांच्या शेवटी चालले. लहानपणी मला ते अपमानाचं वाटायचं. बाकीच्यांचे बाप पुढे असतात, माझेच कसे धुळीत, असं.

मग गुडघे गेले. एकाचं ऑपरेशन सोलापुरात झालं, दुसऱ्याचं करायला आबा तयार होईनात. डॉक्टर म्हणाले, घरात फिरा, देवळापर्यंत जा, पण लांबचं चालणं विसरा. घोडी त्याआधीच म्हातारी होऊन गेली होती. कळपही कमी करत करत लहानसा उरला होता. त्या वर्षी गावाकडे पाऊस असा झालाच नाही, रानात गवताची काडी नव्हती, आणि सांगोल्याच्या बाजारातला एक व्यापारी येऊन मेंढरांच्या पाठी चाचपून गेला होता. आबा त्याला हो म्हणाले नाहीत, पण नाहीही म्हणाले नाहीत. मला त्याचीच धास्ती बसली. आबा एरवी नाही म्हणायला मागेपुढे बघणारे नव्हेत.

आईने मला फोन केला. "मेंढरं गेली तर ह्यो माणूस पारावर बसून नुसता वाळंल," ती म्हणाली. "तुजी गाडी मग कशाला हाय?"

माझ्या पिकअपच्या हौद्यात सगळा कळप मावत नव्हता. भाड्याचा ट्रक करावा तर आबा त्या शब्दानेच उठून जात. "ट्रकात चढलेलं मेंढरू कवा परत आल्यालं बगितलंय का?" ते म्हणायचे. खरंच होतं ते. आमच्याकडे मेंढरं ट्रकात चढतात ती खाटकाकडे जायलाच. म्हणून ट्रेलर. स्वतःचा, आपल्या गाडीला जोडलेला, दर वर्षी नेणारा आणि परत आणणारा. मी गावी जाऊन हे सांगितलं तेव्हा आबा काठीने माती उकरायला लागले.

"येक डाव बगू," शेवटी ते म्हणाले. "पर येक बी जनावर दुखावलं, रगात दिसलं, तर तितंच त्या व्यापाऱ्याला फोन लावायचा. मग तू मधी बोलायचं न्हाय."

मी बरं म्हटलं. आई चुलीत लाकूड सारत राहिली.

चिंचोळीत मी गठ्ठे टाकते त्याच रस्त्याला एका शेडमध्ये एक चाचा वेल्डिंगचं काम करतात. त्यांनी ट्रेलर बांधला. बाजूंना जाळी, खाली रबराची चटई, आत दोन आडव्या फळ्या टाकून तीन कप्पे, आणि मागे खाली पाडलं की उतार होईल असं दार. काम अर्ध्यावर आलं असताना आई मुद्दाम एसटीने बघायला आली आणि म्हणाली, "फुडच्या अंगाला येक बारकं दार पायजे." चाचा म्हणाले, "क्यूं अम्मा? माल तो पीछेसेच चढता ना." आईने त्यांना समजावलं की मेंढरं म्होरकीमागे आत शिरणार, आणि ती आत शिरल्यावर म्होरकीला पुढून बाहेर काढायला वाट नको का? आईचं मराठी त्यांना किती कळलं कोण जाणे, पण दार झालं. नंबर, लाल दिवे, इंडिकेटर, सगळं रीतसर करून घेतलं. ट्रेलर ताब्यात देताना चाचांनी दोनच गोष्टी सांगितल्या. "वजन आगे रखो. और पीछेका झूलने लगा, तो ब्रेक नक्को मारो. रेस छोड़ो, सीधा पकड़ो, बस."

सुट्टीच्या दिवशी एमआयडीसीतल्या मोकळ्या प्लॉटवर मी गठ्ठे भरून सराव केला. पुढे जाणं सोपं होतं. रिव्हर्स मात्र माझा अंत बघत होता. स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं की ट्रेलर डावीकडे जातो, हे डोक्याला कळतं पण हाताला कळत नाही. इतकी वर्षं गाडी चालवून पुन्हा पहिलीत बसल्यासारखं झालं. दोन वेळा मी ट्रेलर बाभळीत घातला, एकदा त्याला शिव्या घालत खाली उतरून लाथही मारली. बूट फाटला, ट्रेलरला काही झालं नाही. पण संध्याकाळपर्यंत तो मला दोन खांबांच्या मधून मागे नेता येऊ लागला आणि घरी जाताना मी मोठ्याने गात होते.

निघायच्या दिवशी उजाडता उजाडता भरायला घेतलं आणि तिथेच भांडण झालं. आबांनी काठीने कप्पे दाखवले. पुढे माद्या, मध्ये कोकरं, मागे एडके.

"आबा, जड जनावरं फुडं पायजेत," मी म्हटलं. "मागं वजन झालं की ट्रेलर हालतो. चाचांनी सांगितलंय."

"त्यो चाचा मेंढरं राखतो का?"

"मी टॉवेल भरून बगितलंय की."

"मेंढरं म्हंजी टॉवेलाचे गठ्ठे हायत व्हय? दांडगी मागं, कोकरं मधी. माज्या बानं आसंच नेली, म्या आशीच नेली. हितनं फुडं बी आशीच जातील."

मी चिडून टायरची हवा तपासायला गेले. हवा पहाटेच तपासलेली होती. आई म्होरकीला घेऊन उतारावरून आत चढली, मागोमाग माद्या, आणि पुढच्या बारक्या दारातून दोघी बाहेर पडल्या. मग कोकरं उचलून मधल्या कप्प्यात, आणि शेवटी एडके शिंगं आपटत मागच्या कप्प्यात. म्होरकीला पिकअपच्या हौद्यात बिऱ्हाडाशेजारी बांधलं. आम्ही तिघं पुढे बसलो, आई मध्ये, आबा खिडकीशी. गावातली माणसं बघायला जमली होती. आबांनी कुणाकडेच बघितलं नाही.

मोहोळपर्यंत मी बैलगाडीच्या चालीने गेले. तो रस्ता अरुंद आहे आणि त्या वेगाने काही कळलं नाही. महामार्गाला लागल्यावर मात्र मागून गाड्या अंगावर यायला लागल्या, म्हणून वेग थोडा वाढवला. गाडीची पाठ हलकी हलकी वाटत होती. मोहोळच्या पुढे एका पुलाचा उतार लागला आणि त्याच वेळी शेजारून एक कंटेनर जोरात निघून गेला. ट्रेलरने शेपूट डावीकडे टाकलं. मग उजवीकडे. मग आणखी जोरात डावीकडे. आरशात मला कधी ट्रेलरची एक बाजू दिसत होती, कधी दुसरी. पिकअपसुद्धा त्याच्याबरोबर ओढली जात होती. माझा पाय ब्रेकवर गेला होता. तो मी कसा उचलला ते मला आजही सांगता येणार नाही. रेस सोडली, स्टिअरिंग दोन्ही हातांनी सरळ धरलं आणि वाट बघत बसले. आईने माझ्या मांडीवर हात घट्ट रोवला होता. हळूहळू झोके लहान झाले. मागे मेंढरं ओरडत होती आणि म्होरकीची घंटा थांबत नव्हती.

जवळच एका धाब्याचं मोठं आवार होतं, तिथे मी गाडी आत घेतली. मी खाली उतरले. मला रडू येत होतं, भीतीने नाही, तर आता सगळं संपलं म्हणून. आबा आधीच उतरून लंगडत मागे गेले होते. त्यांनी जाळीतून हात घालून एकेक जनावर चाचपायला सुरुवात केली. माद्या ठीक. कोकरं ठीक, नुसती भेदरलेली. मग ते एडक्यांपाशी गेले आणि थांबले. सगळ्यांत मोठ्या एडक्याच्या शिंगाच्या मुळाशी कातडं सोललं होतं आणि रक्ताचा एक ओघळ डोळ्यापर्यंत आला होता.

आबांनी खिशातला फोन बाहेर काढला.

आई तेवढ्यात बिऱ्हाडातली हळद घेऊन आली होती. तिने एडक्याचं शिंग धरलं, पदराने रक्त पुसलं, हळद दाबली आणि माझ्याकडे किंवा आबांकडे न बघता म्हणाली, "ह्ये कालचं हाय. काल खुट्ट्याला घासलंय."

तिच्या पदरावरचा डाग ओला लाल होता. आबांनी तो बघितला. मग तिच्याकडे बघितलं. एवढ्या वर्षांत आई आबांशी माझ्यादेखत कधी खोटं बोलली नव्हती, निदान इतकं उघड तरी नाही.

"कालचं हाय?" आबांनी विचारलं.

"व्हय."

"मला कसं दिसलं न्हाय?"

"तुमाला मागचं दिसतंय सगळं, फुडचं दिसत न्हाय," आई म्हणाली. "आन ह्ये बगा. घोडीवर वजं भरताना म्या काय करत हुते? वजं मागं सरकलं की घोडी आशीच ढुंगान हालवायची. फुडं सारलं की नीट चालायची. ह्ये बी जनावरच हाय की, चाकाचं. पोरगी सकाळधरनं त्येच सांगतीया."

आबा पिकअपच्या मागे जाऊन उभे राहिले. हुकाजवळ गाडीची पाठ वर उचललेली होती, आता मलाही ते स्वच्छ दिसत होतं. त्यांनी तिथे हात ठेवून गाडी दाबून बघितली.

"मग लांडगा?" ते म्हणाले. हे ते आईला म्हणाले की स्वतःला, मला कळलं नाही.

"लांडगा हायवेच्या पुलावर येतोय व्हय?"

आबांच्या चेहऱ्यावर हसू आलं ते त्यांनी मिशीत दडवलं. फोन त्यांनी परत खिशात टाकला. "कालचं आसंल," ते म्हणाले. "उतरवा समदी."

धाबेवाला भला माणूस होता. त्याने मोकळ्या कोपऱ्यात मेंढरं उभी करू दिली आणि पाण्याची टाकीही उघडी करून दिली. आम्ही सगळं उलटं भरलं. एडके पुढे, कोकरं मध्ये, माद्या मागे. आबा प्रत्येक एडक्याच्या पाठीवर थाप देत होते, त्याला सांगत असल्यासारखे की बाबा, आजच्या दिवस. भरून झाल्यावर मी गाडी आवारात एक चक्कर फिरवून बघितली. गाडीच्या पाठीला पुन्हा वजन आलं होतं. मागचा ट्रेलर आज्ञाधारकपणे वळत होता. मला इतका आनंद झाला की मी विनाकारण आणखी एक चक्कर मारली.

पुढच्या वाटेवर आबा खिडकीतून डोकं बाहेर काढून सारखे मागे बघत होते. मी ओरडले, की हायवेला डोकं बाहेर काढतात का. "मागचं बगाय नगो?" ते म्हणाले. "कुनी बगायचं मग?" टेंभुर्णीच्या चौकात मी स्पेअर पार्टच्या दुकानातून एक छोटा गोल आरसा घेतला आणि डाव्या आरशाखाली त्यांच्या नजरेच्या मापाने चिकटवून दिला. त्यात ट्रेलरचं मागचं टोक दिसत होतं. आबांनी तो दोनदा बोटाने हलवून बघितला आणि मग खिडकीची काच वर केली.

तिथून पुढे त्यांनी मला रस्ता सांगितला नाही, मागचं सांगितलं. "सरळ हाय." "येक ट्रक येतुया, जाऊ दे त्येला." "कोकरं बसल्यात." लहानपणी पायी जाताना हेच आवाज मी कळपाच्या मागून ऐकलेले होते, फक्त तेव्हा ते धुळीतून यायचे. उजनीचं पाणी उजवीकडे दिसायला लागलं तेव्हा आईने पदरातून भाकरी सोडली आणि एकेक घास आम्हा दोघांच्या हातात देत राहिली. जी वाट चालायला आम्हाला कित्येक मुक्काम लागायचे, ती आम्ही जेवण पचायच्या आत संपवत होतो. मला त्याचं थोडं वाईटही वाटलं. मुक्कामाची झाडं खिडकीतून नुसती मागे जात होती आणि आई एकेकाकडे बोट दाखवून म्हणत होती, "ह्याच्याखाली तुला ताप आल्ता." "हितं घोडी पळाली हुती."

फक्त आबांचीच मेंढरं रानात घेणारा तो शेतकरी बांधावर उभाच होता. ऊस तुटून गेलेलं रान, खाली हिरवा पाला, कडेला पाणी. त्याने ट्रेलर बघून कपाळाला हात लावला आणि हसत सुटला. रस्ता अरुंद होता, ट्रेलर मागे घेऊन रानाकडे जाणाऱ्या पाऊलवाटेच्या तोंडाशी लावायचा होता. आबा खाली उतरून काठीने खुणा करत होते. एमआयडीसीतल्या बाभळी आठवून मी श्वास धरला. एका दमात लागला.

आईने हौद्यातून म्होरकी सोडली आणि ट्रेलरच्या मागे जाऊन उभी राहिली. मी दार खाली पाडलं. घंटा वाजली तशा माद्या उतारावरून घाईने उतरल्या आणि म्होरकीमागे रानाकडे निघाल्या. मग मागची फळी काढली, कोकरं धडपडत, उड्या मारत आयांच्या मागे पळाली. मग दुसरी फळी. एडके शिंगं झाडत, मिजाशीत खाली आले, तो हळदीचा एडका सगळ्यांत शेवटी.

मी बघतच राहिले. पुढे आई, मग म्होरकी, मग माद्या, मध्ये कोकरं, मागे दांडगी. आम्ही उलटं भरलं होतं म्हणून ते उतरताना सुलटं झालं होतं. हे आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. आबांनाही ते दिसलं असणार, कारण ते दाराची कडी धरून तसेच उभे होते.

मग त्यांनी काठी खांद्यावर टाकली आणि एडक्यांच्या मागे चालायला लागले. रस्त्यापासून रानापर्यंतचं ते अंतर, देवळापर्यंत जायला डॉक्टरांनी परवानगी दिली होती तेवढंच. लंगडत होते, पण थांबत नव्हते. निम्म्यात त्यांचा फोन वाजला. त्यांनी तो डोळ्यांपासून लांब धरून नाव बघितलं आणि कानाला लावला. फोन त्या सांगोल्याच्या व्यापाऱ्याचा होता; तो काय विचारत होता ते मला ऐकू आलं नाही.

"आत्ता बोलाय येत न्हाय," आबा म्हणाले. "मेंढरांच्या मागं हाय मी."

आणि फोन खिशात टाकून ते पुढे गेले.